रायगडावर नाकारलेले कलम: परक्या नाण्याविषयी दोन राज्यांची दोन उत्तरे

१/२४
जून १६७४. रायगडावर राज्याभिषेकाचा सोहळा पार पडत होता. त्याच दिवसांत ईस्ट इंडिया कंपनीचा वकील हेन्री ऑक्झिंडन तहाच्या कलमांचा मसुदा घेऊन गडावर मुक्कामाला होता. त्यातील एक कलम असे होते की, कंपनीची नाणी शिवाजी महाराजांच्या मुलुखात चलनी मानली जावीत. बहुतेक कलमे मान्य झाली, पण हे झाले नाही. नकाराचे जे कारण इंग्रजांना सांगण्यात आले, ते साडेतीनशे वर्षांनंतर बिटकॉइनच्या निमित्ताने पुन्हा वाचण्यासारखे आहे. कारण एल साल्वाडोर या देशाने २०२१ मध्ये त्याच प्रश्नाला नेमके उलटे उत्तर दिले. या दोन उत्तरांची आणि त्यांच्या मधोमध उभ्या असलेल्या भारताची ही हकीकत.

२/२४
सुरुवात रायगडापासून नव्हे, जुन्नर तालुक्यापासून करणे सोयीचे. तालुक्याच्या पूर्व भागात निमगाव सावा हे गाव आहे. आज येथील शेतकरी आपला माल नारायणगाव किंवा आळेफाट्याच्या बाजारात नेतो, आणि त्याची पट्टी रुपयांत होते. तो रुपया कोणाचा, त्यात चांदी किती, तो पुढच्या गावात चालेल की नाही, हे प्रश्न त्याला पडत नाहीत. १६७४ मध्ये याच पट्ट्यातील शेतकऱ्याला हे तिन्ही प्रश्न पडत होते. एकच राज्य, एकच चलन ही आज स्वाभाविक वाटणारी व्यवस्था या मुलुखात दोनशे वर्षांपूर्वीही नव्हती.

३/२४
त्या काळी जुन्नर मोगलांकडे होते. शिवनेरी ही महाराजांची जन्मभूमी. पण तो किल्ला त्यांच्या हयातीत स्वराज्यात परत आला नाही. म्हणजे जुन्नरच्या बाजारात बादशाही रुपया चाले. नाणेघाट उतरून कोकणाकडे गेले की स्वराज्याचा अंमल आणि तिथल्या बंदरांवर खेळणारी तऱ्हेतऱ्हेची नाणी. त्यापलीकडे मुंबई बेटावर इंग्रज. १६७५ मध्ये जॉन फ्रायर हा कंपनीचा इंग्रज वैद्य मुंबईहून जुन्नरच्या मोगल सुभेदाराच्या घरी उपचारासाठी आला आणि परतताना नाणेघाटाने उतरला. ऑक्झिंडनच्या रायगडभेटीचा वृत्तान्तही आपल्याला याच फ्रायरच्या प्रवासवर्णनात वाचायला मिळतो.

४/२४
तीन अंमल आणि अनेक नाणी, मग व्यवहार चाले कसा? कारण नाण्याची किंमत मुख्यतः त्याच्या धातूत होती. वजन पुरेसे आणि कस चांगला असेल, तर नाणे कोणत्या राजाचे आहे याने फार बिघडत नसे. ते पारखण्यासाठी गावगाड्यात पोतदार होता आणि बाजारपेठेत सराफ. नाणे झिजलेले, हलके किंवा परमुलखातले असेल, तर त्यावर बट्टा कापला जाई. ‘नावाला बट्टा लागणे’ हा शब्दप्रयोग मराठीत आला तो याच व्यवहारातून. विश्वास ठेवायचा तो राजमुद्रेवर की धातूवर, हा वाद तेव्हा रोजच्या देवघेवीत सुटत असे.

५/२४
आणि हा वाद जुन्नरला नवा नव्हता. नाणेघाटाच्या लेण्यात सातवाहन राणी नागनिकेचा लेख आहे. यज्ञांत दिलेल्या दक्षिणांच्या यादीत गायी, घोडे, हत्ती यांच्याबरोबर हजारोंनी कार्षापणांचा उल्लेख येतो. कार्षापण म्हणजे चांदीच्या तुकड्यावर वेगवेगळी चिन्हे ठोकून केलेले आहत नाणे. त्यावर राजाचे नाव नसे, मुखवटाही नसे. तरीही ही नाणी भारतभर शतकानुशतके चालली. राजाच्या नावावाचून पैसा चालू शकतो, ही कल्पना बिटकॉइनच्या संगणकांतून प्रथम जन्मली असे मानणाऱ्यांनी नाणेघाट एकदा चढून यावा.

६/२४
त्याहून बोलका पुरावा नाशिकच्या पांडवलेण्यांत आहे. क्षत्रप नहपानाचा जावई उषवदात याने ३,००० कार्षापण गोवर्धन येथील विणकरांच्या श्रेणींकडे कायम ठेव म्हणून ठेवले. २,००० वर दरमहा शेकडा एक आणि १,००० वर दरमहा शेकडा पाऊण असे व्याज ठरले. मूळ ठेव परत घ्यायची नाही, व्याजातून भिक्षूंचा खर्च भागवायचा. हा व्यवहार निगमसभेत जाहीर करून नोंदवण्यात आला, आणि वर दगडात कोरून ठेवला. त्याच लेखात एका सुवर्णाला ३५ कार्षापण असा विनिमयदरही सापडतो. जुन्नरच्या लेण्यांतही कारागिरांच्या श्रेणींकडे ठेवलेल्या देणग्यांचे लेख आहेत.

७/२४
म्हणजे ठेवी सांभाळणारी संस्था खासगी, पण व्यवहाराची नोंद सार्वजनिक. ‘नियमन’ या शब्दाचा हा आपल्या भागातील फार जुना नमुना होय. राज्य बदलले की काय होई, हेही कळते. १९०६ मध्ये नाशिक जिल्ह्यातील जोगळटेंभी येथे नहपानाच्या चांदीच्या नाण्यांचा १३ हजारांहून मोठा साठा सापडला. त्यातील ९ हजारांहून अधिक नाण्यांवर विजेत्या गौतमीपुत्र सातकर्णीने आपली चिन्हे पुन्हा ठोकली होती. शत्रूचे नाणे त्याने रद्द केले नाही, आटवलेही नाही. त्यावर आपली मोहोर उमटवून ते चालू ठेवले. लोकांच्या हातातील चांदीचे मोल त्यामुळे बुडाले नाही.

८/२४
आता पुन्हा सतराव्या शतकात. १६६८ मध्ये मुंबई बेट कंपनीकडे आले. गव्हर्नर जेराल्ड ऑन्जियर याला मुंबईची पेठ वसवायची होती. व्यापारी यावेत, गोदी चालावी, आणि त्यासाठी कंपनीचे स्वतःचे नाणे असावे, असा त्याचा आग्रह होता. १६७० च्या दशकाच्या आरंभी मुंबईत टांकसाळ सुरू झाली. १६७६ मध्ये दुसऱ्या चार्ल्स राजाने त्या नाण्यांना सनदेने मान्यता दिली. पण बेटावर नाणे पाडणे सोपे; खाडीपलीकडच्या दुकानदाराने ते घेणे ही वेगळी गोष्ट होती. मुंबईला धान्य, लाकूड, कापड पलीकडूनच येत असे, आणि पलीकडे शिवाजी महाराजांचा मुलूख होता.

९/२४
म्हणून ऑक्झिंडनच्या मसुद्यात नाण्याचे कलम आले. बोलणी मुख्यतः निराजीपंतांच्या मार्फत चालली. कंपनीचा दुभाषा नारायण शेणवी होता. इंग्रजांना अडीच टक्के जकातीवर व्यापाराची मोकळीक मिळाली. राजापूर, दाभोळ, चौल, कल्याण येथे वखारी घालण्याची परवानगी मिळाली. मतभेद प्रामुख्याने दोन कलमांवर झाला. किनाऱ्यावर फुटलेल्या जहाजांचा माल मालकाला परत द्यावा, हे एक. आणि कंपनीची नाणी स्वराज्यात चलनी मानावीत, हे दुसरे.

१०/२४
नाण्याच्या कलमावर आलेल्या उत्तराचा आशय असा: हे कलम घालण्याचे कारणच नाही. महाराज कोणत्याही नाण्याला आपल्या मुलुखात चालण्यास मनाई करत नाहीत. मात्र ज्या नाण्याने रयतेचे नुकसान होईल, ते घेण्याची सक्तीही ते रयतेवर करू शकत नाहीत. इंग्रजांचे नाणे मोगलांच्या आणि इतर राजांच्या नाण्यांइतके कसाचे व वजनाचे असेल, तर ते आपोआप चालेल. त्याला आडकाठी होणार नाही. इतकेच. बंदी नाही, सक्ती नाही, आणि चालण्याची कसोटी सर्वांना ठाऊक असलेली.

११/२४
हे उत्तर किती नेमके आहे, ते पाहण्यासारखे आहे. इंग्रजांना परवानगी नको होती, ती होतीच. त्यांना हवा होता राज्याचा हुकूम. बाजारात नाण्याची पारख होऊन त्याला बट्टा लागण्याआधीच ‘हे घ्यावेच लागेल’ असे राज्याने म्हणावे, ही त्यांची मागणी होती. तसा हुकूम निघाला असता, तर नाण्यात चांदी कमी असल्याचा तोटा मुंबईच्या टांकसाळीला झाला नसता. तो पनवेल-कल्याणच्या व्यापाऱ्याला आणि त्याला धान्य विकणाऱ्या कुणब्याला झाला असता. सक्तीचे चलन म्हणजे तोटा दुसऱ्याच्या पदरात टाकण्याचा अधिकार, हे रायगडावर ओळखले गेले होते.

१२/२४
अर्थात, या उत्तरात आजचे अर्थशास्त्र शोधण्याचा मोह आवरायला हवा. महाराजांनी स्वतःची नाणी पाडली. तांब्याची शिवराई आणि सोन्याचा होन, एका बाजूस ‘श्री राजा शिव’ आणि दुसऱ्या बाजूस ‘छत्र पति’ ही नागरी अक्षरे. पण मुलुखातील सारा व्यवहार भागेल इतके चलन पाडणे नव्या राज्याला शक्य नव्हते. कृष्णाजी अनंत सभासदाने १६९७ च्या सुमारास लिहिलेल्या बखरीत खजिन्यातील नाण्यांची यादी येते. पादशाही होन, इब्रामी, अच्युतराई, देवराई, रामचंद्रराई, धारवाडी अशी ती लांबत जाते. ज्या राज्याचा खजिनाच परक्या नाण्यांनी भरला होता, ते परक्या नाण्यावर बंदी घालणार तरी कसे? उदारतेइतकीच ही व्यवहाराची गरज होती.

१३/२४
इंग्रजांच्या नाण्याचे पुढे काय झाले? जे रायगडावर सांगितले गेले, तेच. मुंबईबाहेर त्याला मान मिळेना. इंग्लंडच्या राजाच्या नावाने रुपये पाडण्याचा प्रयोग झाला, तेव्हा मोगल दरबाराने तो राजसत्तेचा अपमान मानला. इतिहासकार खाफी खानाने त्यावर रागाने लिहिले आहे. अखेरीस १७१७ मध्ये बादशहा फर्रुखसियर याच्या फर्मानाने कंपनीला मुंबईत बादशाही धाटणीचा रुपया पाडण्याची मुभा मिळाली. त्यावर नाव बादशहाचे, कस आणि वजनही त्याच तोलाचे. मग तो रुपया चालला. जे हुकमाने साधले नाही, ते चांदीचा कस राखल्यावर साधले.

१४/२४
येथे थांबलो तर ही केवळ गौरवगाथा होईल. अनेक नाण्यांच्या मोकळिकीची किंमत कोणीतरी मोजतच होते. पेशवाईत अंकुशी, चांदवडी, मल्हारशाही असे कितीतरी रुपये चालत. प्रत्येकाचा भाव निराळा, आणि तो गावोगाव बदलणारा. शेतकऱ्याच्या हाती बाजारात एक रुपया पडे, आणि सरकारी वसुलीत दुसऱ्याच प्रकारचा मागितला जाई. मधला बट्टा त्याच्या अंगावर. पारख ज्याला येत होती, त्या सराफाची चलती. ज्याला येत नव्हती, त्याचा तोटा. मोकळा बाजार सर्वांना सारखाच मोकळा नव्हता.

१५/२४
राज्यकर्त्यांना हे कळत नव्हते असे नाही. पेशव्यांच्या राज्यात टांकसाळ चालवण्याचे परवाने खासगी सोनार-सराफांना दिले जात. नाण्याचे वजन, कस आणि सरकारचा हिस्सा परवान्यात ठरलेला असे. खोटे नाणे पाडल्यास शिक्षा होई. तरीही हिणकस नाणी येतच राहिली. थोरल्या माधवरावांच्या काळात धारवाड भागात खासगी टांकसाळींचा सुळसुळाट झाला, तेव्हा त्या बंद करून एका सरकारी टांकसाळीचा बंदोबस्त करावा लागला. परवाना, देखरेख, आणि न जमल्यास बंदी: आजच्या नियामकाच्या हातातील तिन्ही साधने तेव्हाही होती, आणि तेव्हाही अपुरी पडत होती.

१६/२४
हा गोंधळ कायद्याने मिटवला तो कंपनीने. १८३५ च्या १७ व्या कायद्याने कंपनीच्या सर्व मुलुखासाठी एकच रुपया ठरला. वजन १८० ग्रेन, त्यात शुद्ध चांदी १६५ ग्रेन, आणि वर चौथ्या विल्यमचा मुखवटा. बादशहाचे नाव गेले. १८६१ च्या कायद्याने नोटा छापण्याचा हक्कही सरकारने आपल्याकडे घेतला. तांब्याची शिवराई मात्र एकोणिसाव्या शतकातही खेड्यांच्या बाजारात रेंगाळत राहिली. ज्या कंपनीला १६७४ मध्ये नाणे चालवण्यासाठी परवानगी मागावी लागली होती, तिने १६१ वर्षांनी इतर सर्वांची नाणी मोडीत काढली.

१७/२४
एकाच नाण्याने बट्ट्याचा जाच कमी झाला, यात शंका नाही. पण शेतकऱ्याचे दैन्य त्यामुळे सरले नाही. रोख साऱ्याच्या तगाद्यामुळे तो सावकाराकडे गेला. १२ मे १८७५ रोजी सुपे येथे भडकलेले दख्खनचे दंगे पुणे व नगर जिल्ह्यांत पसरले, आणि त्यांत दंगेखोरांचा रोख प्रामुख्याने कर्जरोख्यांवर होता. ते कागद हिसकावून जाळले गेले. १८७९ मध्ये दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी दिलासा देणारा कायदा करावा लागला. चलन सुधारले म्हणजे रयतेचा प्रश्न सुटला, असे होत नाही. हा धडा क्रिप्टोच्या समर्थकांनी आणि विरोधकांनी, दोघांनीही ध्यानात घ्यावा.

१८/२४
आता वर्तमानाकडे. बिटकॉइन जानेवारी २००९ मध्ये सुरू झाले. त्यामागे राजा नाही, बँक नाही, टांकसाळही नाही. सर्व व्यवहारांची एक सामाईक खातेवही जगभरच्या संगणकांवर ठेवली जाते, आणि एकूण नाणी २ कोटी १० लाखांपलीकडे जाणार नाहीत असा नियम त्या प्रणालीतच बांधलेला आहे. निगमसभेसारखी सार्वजनिक नोंद आहे, कार्षापणासारखी अनामिकताही आहे. नाही तो फक्त धातू. शिवराई चालेनाशी झाली, तरी तिचे तांबे उरते. बिटकॉइन कोणी घेईनासे झाले, तर मागे काहीच उरत नाही. १६७४ ची कसोटी येथे सरळ लावता येत नाही, ती याच कारणाने.

१९/२४
एल साल्वाडोर हा मध्य अमेरिकेतील देश पुणे जिल्ह्याच्या दीडपटीहूनही लहान. २००१ पासून त्याने स्वतःचे कोलोन हे चलन बाजूला ठेवून अमेरिकी डॉलर स्वीकारलेला. परदेशी राबणाऱ्या नातलगांनी घरी पाठवलेला पैसा हा देशाच्या सकल उत्पन्नाच्या पाचव्या हिश्शाहून अधिक. तो स्वस्तात घरी पोहोचावा, या मुख्य युक्तिवादावर तेथील विधिमंडळाने जून २०२१ मध्ये बिटकॉइन कायदा संमत केला. ७ सप्टेंबर २०२१ पासून बिटकॉइन कायदेशीर चलन झाले. असे करणारा हा जगातील पहिला देश. त्या कायद्याच्या सातव्या कलमाने प्रत्येक व्यावसायिकाला बिटकॉइन स्वीकारणे बंधनकारक केले. तंत्रज्ञान उपलब्ध नसलेल्यांना सूट होती, पण तत्त्व सक्तीचे होते.

२०/२४
म्हणजे ऑक्झिंडनला रायगडावर जे मिळाले नाही, ते बिटकॉइनला सान साल्वाडोरमध्ये मिळाले. सरकारने ‘चिवो’ नावाचे मोबाइल पाकीट काढले आणि ते घेणाऱ्याला ३० डॉलरचे बिटकॉइन भेट दिले. नोव्हेंबर २०२१ मध्ये एका बिटकॉइनचा भाव ६८ हजार डॉलरच्या पुढे होता. वर्षभरात तो १७ हजारांच्या खाली आला. पुढे तो सावरला आणि नवे उच्चांकही झाले; पण भाजी विकणाऱ्याला भावाचा उच्चांक नव्हे, उद्याचा भाव ठाऊक असावा लागतो. लोकांनी डॉलर सोडला नाही. डिसेंबर २०२४ मध्ये आंतरराष्ट्रीय नाणेनिधीशी १४० कोटी डॉलरच्या कर्जाचा करार ठरला, आणि जानेवारी २०२५ मध्ये कायदा बदलला. स्वीकार ऐच्छिक झाला. बिटकॉइनमध्ये कर भरण्याची सोयही गेली.

२१/२४
भारताची वाट निराळी. ६ एप्रिल २०१८ रोजी रिझर्व्ह बँकेने परिपत्रक काढून बँकांना क्रिप्टोशी संबंधित व्यवहारांना सेवा देण्यास मनाई केली. नाणे बेकायदा नाही, पण सराफाचे दुकान बंद, असा तो प्रकार. ४ मार्च २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने ते परिपत्रक रद्द केले. रिझर्व्ह बँकेला अधिकार आहे, पण बँकांचे प्रत्यक्ष नुकसान दाखवता आले नसताना इतका कठोर उपाय प्रमाणाबाहेर आहे, असा निकालाचा रोख होता. मनाई करण्यापूर्वी रयतेचे नुकसान कोणते ते दाखवा, असे न्यायालयाने जणू राज्यालाच विचारले.

२२/२४
त्यानंतर आला कर. १ एप्रिल २०२२ पासून ‘आभासी डिजिटल मालमत्ते’च्या नफ्यावर ३० टक्के कर, त्यात झालेला तोटा दुसऱ्या उत्पन्नातून वजा करता येत नाही. १ जुलै २०२२ पासून व्यवहारांवर १ टक्का करकपात. मार्च २०२३ मध्ये या व्यवसायाला काळा पैसा प्रतिबंधक कायद्याच्या कक्षेत आणले गेले. दुसरीकडे रिझर्व्ह बँकेने स्वतःचा डिजिटल रुपया आणला. १ डिसेंबर २०२२ रोजी किरकोळ व्यवहारांसाठीचा प्रयोग ज्या चार शहरांत सुरू झाला, त्यांत मुंबई होती. थोडक्यात, भारत बिटकॉइनवर कर घेतो, पण बिटकॉइनमध्ये कर घेत नाही. खजिन्याच्या दाराशी नाणे स्वीकारले जाते की नाही, हा भेद पेशवाईतल्या वसुलीइतकाच आजही निर्णायक आहे.

२३/२४
मग भारताचे धोरण म्हणजे रायगडाचेच उत्तर का? अर्धे. सक्ती नाही आणि सरसकट बंदीही नाही, एवढे जुळते. जुळत नाही ती पारख. १६७४ मध्ये पोतदार होता. आज निमगाव सावा काय किंवा पुणे काय, मोबाइलवर आलेल्या नाण्याचा कस कोण सांगणार? पुण्यात गुन्हे दाखल झालेले ‘गेनबिटकॉइन’ प्रकरण याची साक्ष आहे. गुंतवलेल्या बिटकॉइनवर १८ महिने दरमहा १० टक्के परताव्याचे आमिष होते. उषवदाताने ठेवीवर घेतलेला दर महिना शेकडा एक होता, हे येथे आठवावे. पुढे परतावा बिटकॉइनऐवजी योजनेच्याच स्वतःच्या, फार कमी मोलाच्या नाण्यात दिला गेला, असा आरोप आहे. खऱ्या नाण्याच्या बदल्यात हिणकस नाणे हाती ठेवण्याची ही जुनीच रीत. कर लावल्याने पारख येत नाही.

२४/२४
दोन देशांपैकी शहाणा कोण, हे ठरवण्याची घाई इतिहासाला नसते. एल साल्वाडोरकडे स्वतःचे चलन उरले नव्हते, म्हणून त्याने धाडस केले. भारताकडे रुपया आहे, म्हणून तो सावध राहिला. दोघांचीही कारणे आपापल्या जागी समजण्यासारखी आहेत. पण कोणत्याही नव्या चलनाच्या कायद्यापुढे, मग तो सान साल्वाडोरचा असो की दिल्लीचा, रायगडावरचा प्रश्न ठेवून पाहता येतो: हे नाणे बुडाले, तर बुडणारा कोण? आणि त्याने ते स्वखुशीने, पारखून घेतले होते का? १६७४ च्या त्या उत्तरात राज्य रयतेला सांगत नव्हते की हे घ्या, किंवा हे घेऊ नका. तोटा तिच्या माथी मारणार नाही, एवढेच सांगत होते. साडेतीनशे वर्षांत नाण्यातला धातू गेला. रयत तीच आहे.

(समाप्त)
#इतिहास #मराठी #जुन्नर #नाणेशास्त्र